करदोट्याची किल्ली

हॅलो?

हॅलो… कोण बोलतंय?… नाही नाही, आम्हाला काही घ्यायचं नाहीये. लोन नको, विमा पण नको… अहो, नको म्हटलं ना… कोण काका?

मधुकाका?

…हो. त्यांचाच नंबर आहे हा. जामसरचा. मी… मी मुलगी बोलते त्यांची. योगिता. तुम्ही कोण?… नाशिकहून? पुष्पलता… थांबा ताई, आवाज तुटतोय तुमचा. आमच्या घरात रेंज ओट्याच्या बाजूलाच येते, तिथं जाते… वर्षा! नागलीवर पाय नको देऊ गं, वाळत घातलीय आजीनं. बाजूनं ये… हां, बोला. आता येतोय.

कुठलं घर?… शाईघर. मराठी लिहायचं… हो हो, माहीत आहे. कॉम्प्युटरवर दौतीचं चित्र येतं, तेच ना? तुम्ही बनवता ते?… घरातूनच? तुम्ही नि तुमचे मिस्टर, दोघंच? मला वाटलं मोठं ऑफिस असेल, एसीबिसी.

ताई, बा नाहीत.

नाही, शेतावर नाही… जव्हारला पण नाही गेले. ताई, ऐका ना… बा गेले. एकवीस दिवस झाले आज.

हॅलो?… ताई?… आहात ना?

हो… नाही, आजारी नव्हते. सकाळी खळं सारवलं दोघांनी, मग म्हणाले छाती जड वाटतेय, जरा बसतो. बसले ते बसलेच. आईनं चहा आणून ठेवला बाजूला, तो थंड झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं… हो. भिंतीला टेकूनच.

ताई, रडू नका ना. तुम्ही रडलात तर मी काय करू? मला सगळे विचारतात, पोरगी रडत का नाही म्हणून…

भेट कधीच नाही? सहा वर्षांत एकदा पण नाही? नुसतं फोनवर?… दर महिन्याला फोन करायचे बा? तुम्हाला?… आणि बोलायचे काय इतकं?

काय विचारायचे?… ‘रात्री बंद केल्यावर अक्षरं कुठं जातात?’… असं विचारलं? खरंच?… मग तुम्ही काय सांगितलंत?… ‘डब्यात झोपतात’… अहो, म्हणून! म्हणून ते कॉम्प्युटर बंद करताना हळू बोलायचे! आई सांगत होती मला, मला वाटलं तिलाच काहीतरी…

असेच होते ते. तीस वर्षं एसटी डेपोत क्लार्क होते ना, सगळं हातानं लिहायचं. रिटायर झाले नि कॉम्प्युटर घेतला. दुकानवाला म्हणाला, लिहायचं मोठ्या कंपनीचं टाकून देतो फुकट, कोण बघायला येतंय जामसरला? बा म्हणाले, चोरीचं माझ्या घरात नको. मग तो म्हणाला, खरं घ्या, पण दर वर्षाला पैसे भरावे लागतील. तर बा त्याला म्हणाले… हसाल तुम्ही… म्हणाले, ‘कॉम्प्युटर माझा, टेबल माझं, आणि अक्षरं भाड्याची?’

…तुम्हाला पण सांगितलं होतं? सगळ्यांना सांगायचे. जव्हारमध्ये कोणी घरी कॉम्प्युटर घेतला की हे पोचलेच. लिहायला शाईघर घ्या, फोटोंसाठी पुण्याच्या दोन पोरांनी काढलंय ते घ्या, व्हायरससाठी कोल्हापूरच्या कुठल्या बाईंचं घ्या. सगळं एकदाच पैसे देऊन आपलं झालेलं. ‘छोट्या कंपनीचं घ्या, तिथं फोन माणूस उचलतो.’ हे तर त्यांचं ठरलेलं वाक्य.

हो ना… आज तुम्ही केलात, नि उचलायला तेच नाहीत.

बोला ना, ताई. काम होतं काही?… शाईघर बंद करताय? का हो?… वापरणारे किती जण राहिले?… चौदा? सगळ्या महाराष्ट्रात चौदाच?… हो, आता सगळे मोबाईलवरच बोलतात नि तो आपोआप लिहितो. खरंय… आणि चौदा जणांना तुम्ही एकेकाला फोन करताय? असं कोण करतं, ताई…

किल्ली?

…हो. माहीत आहे. काळी होती. बोटाएवढी. मागं घालायची कॉम्प्युटरला, मगच ते दौतीचं चित्र उघडतं… हो, ती नसली की ‘किल्ली लावा’ येतं. रोज येतंय ते माझ्यासमोर. अकरा दिवस झाले.

नाही. नीट नाहीये… नवी पाहिजे. म्हणजे… ताई, कसं सांगू तुम्हाला? जुनी नाहीये आता माझ्याकडं.

हरवली नाही.

थांबा हं, जरा पलीकडं जाते. आई आहे इथं… आये, काय नाय, बाच्या ओळखीच्या बाय आहेत, नाशिकच्या. तू पाखडत बस… हं, बोलते.

ती किल्ली बा करदोट्याला बांधायचे. कमरेच्या. काळ्या दोऱ्यात ओवून, गाठ मारून. अंघोळीला पण नाही काढायचे, वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायचे… हो, पाड्यावर सगळे हसायचे. पोरांच्या कमरेला घुंगरू, नि म्हाताऱ्याच्या कमरेला कॉम्प्युटर…

तुम्ही? तुम्हीच सांगितलं होतं?… ‘जिवापेक्षा जपा, हरवली तर दुसरी देताना आम्हाला फार त्रास’… अहो, मग त्यांनी ऐकलं ते. बांना सांगितलं की ते तसंच करायचे, शब्दाला शब्द.

तर त्या दिवशी… अंघोळ घालताना करदोटा तोडतात ना… तोडला तेव्हा ती किल्ली खाली पडली. अंगणात. आणि आमच्याकडं असं आहे की जाणाऱ्याबरोबर त्याच्या आवडीचं काही द्यायचं. कोणाची तंबाखूची डबी, कोणाचा कोयता. कमूआत्या, बांची बहीण, ती विचारायला लागली, काय द्यायचं दादाला? कोणी म्हणालं चष्मा, कोणी म्हणालं पानाची पिशवी. मला विचारलं. पोरगी तू, सांग तू.

ताई, मी चार वर्षांनी त्या दारात आलेले. चार वर्षांनी, आणि तेही त्यांना न्यायच्या दिवशी. मला काय माहीत त्यांना काय आवडतं?… ती किल्ली दिसली अंगणात, ओली. मी उचलली. बाच्या हातात ठेवली नि मूठ मिटवली. माझ्या हातानं.

…हो. गेली. त्यांच्याबरोबरच.

नाही हो, कोणी काही बोललं नाही. उलट सगळ्यांना बरं वाटलं. आत्या म्हणाली, बरोबर दिलंस गं, दादाचा जीव होता त्याच्यात. मला पण बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चार वर्षांत एक तरी गोष्ट बरोबर केली असं वाटलं.

आणि दहाव्या दिवशी कॉम्प्युटर लावला. आई म्हणाली, बंद ठेवला तर उंदीर शिरतील, बघ चालू होतो का. दौतीवर दाबलं तर ‘किल्ली लावा’. बाजूला नावं दिसत होती, काय काय लिहून ठेवलंय त्यांची. पाण्याच्या टाकीचा अर्ज. रस्त्याचा अर्ज. बोहाड्याच्या, आमच्या मुखवट्यांच्या उत्सवाच्या, सोंगांची यादी, कोणत्या घरानं कोणतं सोंग नाचवायचं ती. पाड्यावरच्या तुकाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज. आणि सगळ्यात खाली… ‘योगिता’.

हो. नुसतं ‘योगिता’.

तारीख येते ना बाजूला… जायच्या नऊ दिवस आधीची.

हॅलो?… हो, आहे. आहे मी.

केलं ना, सगळं करून बघितलं. जव्हारला दुकानात नेला अख्खा डबा, जीपमध्ये मांडीवर घेऊन. तुषार आहे तिथला, त्यानं उघडून बघितलं दुसऱ्या कशात तरी. सगळे चौकोन. पानभर चौकोन नुसते. वर मला म्हणतो, स्वस्तातलं घेतलं की असंच होतं, काकांना मी तेव्हाच सांगत होतो. असं वाटलं ना, ताई, त्याच्या टेबलावर… जाऊ दे. तुमचा नंबर मागितला तर त्याच्याकडं नव्हता. खोक्यावरचा पुसलाय. आणि ह्या फोनमध्ये तुमचं नाव काय आहे माहितीय? आत्ता बघते मी… ‘शाई’! मला वाटलं मोखाड्याची कोणी शाई नावाची बाई असेल. रोज यादीत दिसत होतं. एकदा लावला असता तर…

चुकले मी, ताई. सगळीकडं चुकले.

काय म्हणालात?… किल्ल्या बनवायचं मशीनच नाही आता?… विकलं? कधी?… हं. मग कशी देणार नवी… म्हणजे तुम्ही फोन केलात तो, आहे ती किल्ली नीट आहे का, एवढंच विचारायला. हं… नाही नाही, तुमचं काय चुकलं त्यात? ज्याचं नशीब…

ताई, एक विचारू? राख सावडायला गेले तेव्हा आत्याला एक पत्र्याचा तुकडा सापडला. चपटा, चौकोनी. कॉम्प्युटरमध्ये घालायचं टोक असतं ना, ते. दिव्याच्या कोनाड्यात ठेवलाय आईनं. तो पाठवला तर? त्यात काही राहिलं असेल का?…

नाही ना… मला वाटलंच. तरी विचारलं.

भांडण?… हो, बोलतच नव्हतो. चार वर्षं. सांगितलं नाही त्यांनी तुम्हाला?… ‘माझी पोरगी भिवंडीला असते’ एवढंच? बरं.

सांगू काय त्यात… मंगेश नि मी एकत्र राहायला लागलो. पोशेऱ्याचा आहे तो, गोडाऊनमध्ये कामाला. आमच्याकडं चालतं तसं, ताई. पोरगा-पोरगी राहतात, संसार करतात, लग्न मागाहून होतं, जमेल तेव्हा. पोरं झाल्यावर पण होतं. पोराच्या मांडवात बापाचं लग्न लागतं कधी कधी. कोणी नावं ठेवत नाही. पण बा डेपोतले. साहेबांच्या घरच्या पत्रिका बघितलेल्या, सोनेरी काठाच्या. त्यांना वाटायचं माझी पोरगी शिकलेली, हिची पत्रिका पाहिजे, तारीख पाहिजे, मांडव पाहिजे. म्हणाले, आधी लग्न मांडू, मग जा. आणि मी…

मी म्हणाले, ‘तुझं नि आयेचं लागलं तेव्हा मी दोन वर्षांची होते. तुझ्या मांडवात तुझ्याच खांद्यावर बसले होते. मला कशाला शिकवतोस?’

सगळ्यांच्या देखत, ताई. डेपोतले दोघे आले होते घरी, त्यांच्या देखत.

बांनी तांब्या उचलला. पाणी प्याले. मग म्हणाले, ‘आता येशील ती पत्रिका हातात घेऊन ये. नाहीतर ह्या दारात येऊ नको.’

नाही आले मी. मला पण राग. पत्रिकेला पैसे नव्हते असं नाही, चार वेळा ठरवलं. पण मनात यायचं, त्याला पत्रिका पाहिजे, मी नको. मग पोरगी झाली. आई चोरून फोन करायची दुपारी, ते झोपले की. त्यांनी कधी माझं नाव काढलं नाही म्हणाली. एकदा पण नाही. पोरीबद्दल पण नाही विचारलं.

म्हणून ते ‘योगिता’ मला पाहिजे हो. शिव्या असल्या तरी चालतील. ‘माझ्या प्रेताला शिवू नको’ असं लिहिलं असेल तरी चालेल. पण नऊ दिवस आधी हा माणूस माझं नाव टाइप करून बसला होता, आणि काय म्हणत होता ते मला कळणारच नाही, असं कसं चालेल? आणि त्याचं कुलूप मीच… मीच त्याच्या मुठीत…

…हं. हं… रडू द्या ना मग. एकवीस दिवसांनी आलंय…

काय?… परत सांगा. तुमच्याकडं एक किल्ली आहे?… तुमच्या मिस्टरांची, सगळ्या फायली उघडते ती? ठेवलीय?… म्हणजे मी इथून पाठवली तर तुम्ही तिथं…

उघडेल? नक्की?

कशी पाठवू? सांगा, लिहून घेते… नाही, पेन नको, बोला तुम्ही, मी करते तसं. हा फोन बांचा, बटणांचा, ह्याच्यावर काही होत नाही. माझा आहे स्मार्टवाला. वायर आहे… आये, माझी चार्जिंगची वायर कुठंय?… अगं काळी… कणगीवर बघ… हां. मिळाली ताई.

लाइट आहे ना? आहे. कॉम्प्युटर ओट्याजवळच आहे, चालू करते. वेळ लागतो ह्याला… तुमचा फोन कापू नका हं. पैसे जातील तुमचे, पण कापू नका… हो, करा मला अगं-तुगं, लहानच आहे मी.

आलं. ‘किल्ली लावा’ आलं… ते बंद करू? केलं. आता?… पिवळा डबा दाबू… हो, दिसतात नावं. ‘योगिता’वर उजवं बटण… ‘कॉपी’… हो… मोबाईल कुठं दिसतो? हां, हा दिसला… ठेवलं त्यात. गेलं. एवढीशी आहे हो फाइल. सेकंदात गेली.

आता ह्या मोबाईलला आत रेंज नाही. आंब्याखाली येते. थांबा, दोन्ही फोन घेऊन जाते… वर्षा, तू नको येऊ, काटे आहेत… बरं ये, चप्पल घाल… चालतेय ताई, हॅलो? येतोय ना आवाज?… नवशाकाका, मागाहून बोलू, फोनवर आहे… हो, बाच्या ओळखीचे… हॅलो? आले. आले झाडाखाली.

नंबर सांगा तुमचा व्हॉट्सॲपचा. हाच? बरं… टाकला. फिरतंय… अजून फिरतंय… एक काडी आहे नुसती. हात वर करून उभी आहे मी, बघणारे म्हणतील हिला काय झालं… एक खूण आली. दोन… दोन आल्या! आली का तुम्हाला?

आली ना? मग?

हो, लावा. घ्या शोधून, सावकाश… ड्रॉवरमध्ये बघा… मिळाली?… हं.

…

काय झालं? उघडली नाही ना?

उघडली?

मग वाचा ना. वाईट असलं तरी वाचा, मी सांगितलं ना…

पत्र नाही?… मग काय आहे?… चौकट? कसली चौकट? वेलबुट्टीची… ताई, मला नीट सांगा, मला कळत नाहीये…

लग्नपत्रिका?

कोणाची?… नाही, तुम्ही वाचा. सगळं वाचा, वरपासून.

…‘कुलदेवतेच्या कृपेने… आमची मुलगी योगिता… आणि… पोशेरा येथील श्री. जिवा व सौ. सरू यांचा मुलगा… मंगेश’…

सासऱ्यांचं नाव कुठून मिळालं त्यांना? जिवा बरोबर आहे. सरू पण बरोबर आहे. हे पोशेऱ्याला गेले असतील का? कोणी सांगितलंच नाही मला…

तुम्हाला? तुम्हाला विचारलं होतं? काय?… चौकट कशी घालायची ते. आषाढात… हो… तुम्ही विचारलंत, कोणाचं लग्न, काका… काय म्हणाले?… ‘आमच्याच घरी आहे. पोरगी कामात असते, तिला वेळ नाही, म्हणून मीच करतो.’

हो… हो, ताई. मी कामात होते.

पत्रिका घेऊन ये म्हणाले होते मला. आणि स्वतःच बसले होते करत…

पुढं वाचा. तारीख काय आहे?… रिकामी?… नुसते ठिपके. आणि स्थळ?… ‘आमचे राहते घर, जामसर’. हं. खाली?… ‘आपले नम्र, मधु आणि रामी’. रामी म्हणजे आई. तिला म्हणत होते अर्ज लिहितोय म्हणून. तिला वाचता येत नाही ना, तिच्यासमोर बसून लिहीत होते…

अजून एक ओळ? कुठं, अगदी खाली? बारीक अक्षरात… हो, असते ना, पोरांच्या नावानं लिहितात ती. मामाच्या लग्नाला या, ताईच्या लग्नाला या. पण आमच्या घरात लहान पोर कोण आहे? मी एकटीच त्यांना… काय लिहिलंय?

ताई, परत वाचा.

‘माझ्या आई-बाबांच्या लग्नाला यायचं हं!’…

नाव काय आहे खाली?

…

नाही… आहे मी. पडले नाही, बसले खाली. झाडाला टेकून.

वर्षा. हो, वर्षाच. माझी पोरगी. साडेतीन वर्षांची. बघितली नव्हती हो त्यांनी. एकदा पण नाही. फोटो पण नव्हता पाठवला मी, मुद्दाम नव्हता पाठवला. आई म्हणायची नाव काढत नाही, विचारत नाही, मला वाटलं त्यांना ठाऊकच नाही तिचं नाव…

तिच्या नावानं बोलवत होते सगळ्यांना… मी जे बोलले होते ना, ताई, खांद्यावर बसले होते म्हणून… ते त्यांनी असं…

काय नाय गं, बबड्या. आई पडली नाय. बसलेय. ये, इथं बस… फोनवर मावशी आहे… नाय, आजोबा नाय. आजोबांचं… आजोबांनी तुझं नाव लिहिलंय. कॉम्प्युटरवर. हो, तुझं. छापून येणारेय.

ताई, हे मला छापून पाठवाल? पोस्टानं पाठवा, पत्ता सांगते… बांचाच पत्ता, तुमच्याकडं असेलच… हो, लावू ना लग्न. वर्ष सरू दे. ह्याच अंगणात… तारीख नका घालू तुम्ही. ठिपके असू दे. मी पेनानं घालीन तेव्हा.

काय म्हणालात? कुठं लावायचं?… ‘कै.’? बांच्या नावामागं?

नाही.

हो, पद्धत आहे, माहीत आहे मला. सगळे लावतात. लोक बोलले तर बोलू देत. नाही लावायचं, ताई. त्यांनी लिहिलं तेव्हा ते होते. एक अक्षर बदलू नका, एक टिंब पण नका. जसं मधु आणि रामी आहे तसंच. बोलावणारे तेच आहेत ना…

थांबा हं, आई आली इकडं शोधत. एक मिनिट, ठेवू नका…

काय गं आये?… नाय, काय वाईट नाय झालं… बाचं ते उघडलं, नाशिकला. तुझ्यासमोर बसून लिहायचा ना, तेच… अर्ज नव्हता तो, आये. तुला उगाच सांगायचा…

काय लिहिलंय म्हणजे… बोलावलंय. मला, मंगेशला, वर्षाला. घरी या म्हणून लिहिलंय.

…हॅलो, ताई? ऐकलंत ना?… ठेवते आता. आई खाली बसलीय, तिला धरते.